डाव्या हाताची करंगळी

कॉम्प्युटरवर काम करणारी माणसं एकमेकांची डोकी फोडतात, असं सांगितलं की लोक हसतात. त्यांच्या डोळ्यांसमोर गार खोलीत खाली मान घालून बसलेली माणसं येतात. आमच्याकडे खोली गार होती, पण माणसं खानदेशातली होती आणि बाहेर मे महिना होता. जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं. त्यात मी काही वाढवलेलं नाही.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. जळगावच्या एमआयडीसीत एका डाळमिलच्या आवारात आमचा कॉम्प्युटर विभाग होता. विभाग म्हणजे एक हॉल आणि त्याच्या टोकाला मशीनची खोली. तुरीची धूळ आत जाऊ नये म्हणून तिला शेठजींनी लोखंडी चौकटीचं जड दार बसवून घेतलं होतं. गार हवा वाया जाऊ नये म्हणून दाराला जाड स्प्रिंग. हात सोडला की ते दार स्वतःहून आपटायचं, आणि तो आवाज पार वजनकाट्यापर्यंत ऐकू जायचा.

मी मूळचा हिशेबनीस. कोणता आकडा बरोबर आणि कोणता चूक एवढं मला कळतं, म्हणून शेठजींनी मला विभागाचा प्रमुख केलं होतं. प्रोग्राम लिहिणारे दोघं होते. एक बोदवडचा, रोज गाडीनं यायचा. घरी कपाशीची शेती, शिक्षण बी. कॉम., आणि कॉम्प्युटरचं जे काही येत होतं ते एका खासगी क्लासात आणि नंतर आमच्याच मशीनवर शिकलेला. दुसरा धुळ्याचा, इंजिनिअरिंग झालेला, जळगावात खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी संध्याकाळची एसटी पकडून घरी जायचा. कचेरीत त्यांना बोदवडवाला आणि धुळेवाला असंच म्हणत. मीही इथे तेच म्हणतो.

भांडणाचं मूळ काय होतं हे आधी सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रोग्राम लिहायचा म्हणजे तो कशात तरी टाइप करावा लागतो. ज्यात टाइप करतात त्याला एडिटर म्हणतात. बोदवडवाला पाच वर्षं वर्डस्टारमध्ये लिहीत आला होता. त्या वर्डस्टारमध्ये डाव्या करंगळीनं कंट्रोलची कळ दाबून धरायची आणि त्याच हाताच्या बाकीच्या बोटांनी ई, एस, डी, एक्स दाबायचं. त्यानं कर्सर वर, डावीकडे, उजवीकडे, खाली फिरतो. उजवा हात मोकळा राहतो. तो उजव्या हातात चहाचा कप धरून डाव्या हातानं सगळा प्रोग्राम फिरून यायचा. बघायला छान वाटायचं.

मग शेठजींनी सुटे कॉम्प्युटर काढून एक मोठं युनिक्सचं मशीन आणि त्याला जोडलेले आठ टर्मिनल घेतले. धुळेवाला त्या मशीनसाठीच आला. युनिक्सवर वर्डस्टार नव्हता, व्हीआय होता. व्हीआयमध्ये दोन अवस्था असतात. एकीत अक्षरं दाबली की अक्षरं उमटतात. दुसरीत तीच अक्षरं हुकूम होतात, आणि कर्सर उजव्या हाताच्या बोटांनी फिरतो. शेठजींनी सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत सगळं काम नव्या मशीनवर. ज्याला जमेल तो राहील."

बोदवडवाल्याची नोकरी त्या एका वाक्यात टांगली गेली. सगळ्यांना ते कळलं होतं. धुळेवाल्याला जरा जास्तच.

सुरुवातीला नुसती तोंडं चालायची.

"लिहायच्या आधी परवानगी मागायची, हा कसला एडिटर?" बोदवडवाला म्हणायचा. "तहसील कचेरी आहे का?"

"तुझा वर्डस्टार पत्रं लिहायला केलेला. त्यात मामाला पत्र लिही. प्रोग्राम माणसांना लिहू दे."

"पाच वर्षं या मिलचे पगार माझ्या प्रोग्रामनं निघतात. तुझा पण."

"म्हणून तर दोन दिवस उशिरा निघतात."

दोघंही मधूनमधून माझ्याकडे वळायचे. मी एका वेळी एकच ओळ दाखवणारा जुना एडिटर वापरायचो. मला एका वेळी एकच ओळ पाहायची असते. त्यावर मात्र दोघांचं एकमत होतं, की माझं मत धरायचं नाही.

नव्या टर्मिनलवर एक अडचण होती. कंट्रोल आणि एस एकदम दाबलं की टर्मिनल गोठायचं. कंट्रोल आणि क्यू दाबलं की सुटायचं. ती त्या मशीनची रीतच होती. पण वर्डस्टारवाल्याच्या हाताला कंट्रोल-एस म्हणजे कर्सर डावीकडे. बोदवडवाल्याचा हात दिवसभर तिकडे जायचा आणि स्क्रीन मेल्यासारखी पडायची. पहिल्या दिवशी त्याला वाटलं मशीन बिघडलं. धुळेवाला उठून आला, त्याच्या खांद्यावरून हात घालून कळ दाबली, आणि जाताना त्याच्या डोक्यावर एक टपली मारली.

पुढे ती पद्धतच पडली. स्क्रीन गोठली की धुळेवाला यायचा, सोडवायचा आणि टपली मारायचा. कंट्रोल-क्यू बोदवडवाल्याला दुसऱ्या दिवशीच माहीत झालं होतं, पण त्याचा हात तिथं पोहोचायच्या आत हा उठलेला असायचा. कारकून बघायचे आणि हसायचे. टपली हळूहळू जड होत गेली. बोदवडवाला वयानं दोन वर्षं मोठा होता. आमच्याकडे मोठ्याच्या डोक्याला हात लावत नाहीत. मी धुळेवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, "नाना, शिकायला हवं ना त्यानं. मला कॉलेजात असंच शिकवलं."

एका दुपारी, वीज जाऊन जनरेटर चालू होता तेव्हा, स्क्रीन पुन्हा गोठली. धुळेवाला उठला. "तुले कितला डाव सांगेल शे, एस दाबू नको," असं म्हणत त्यानं टपली मारली. ती टपली नव्हती, चापट होती. बोदवडवाल्याचं कपाळ स्क्रीनच्या कडेवर आपटलं.

बोदवडवाल्यानं कीबोर्डची वायर उपटली. त्या काळचे कीबोर्ड आतून लोखंडी पत्र्याचे असत, दोन किलोंच्या आसपास वजन. तो त्यानं दोन्ही हातांनी धरून आडवा मारला. धुळेवाल्याच्या डाव्या भुवईवर कोपरा लागला. त्वचा फाटून खाली लोंबली आणि रक्त डोळ्यात गेलं. धुळेवाला आंधळ्यासारखा हात फिरवत पुढे आला आणि त्याचा गळा धरून त्याला प्रिंटरवर पाडलं. कागदाचा गठ्ठा खाली सांडला. आम्ही तिघांनी ओढून सोडवेपर्यंत बोदवडवाल्याचे ओठ काळेनिळे झाले होते. कळांचे तुकडे फरशीवर पसरले होते आणि दोघांच्या चपलांखाली करकरत होते.

भुवईला चार टाके पडले. शेठजींनी दोघांना आवारात बोलावलं. ते म्हातारे, बारीक, पांढऱ्या धोतरातले. हमाल पोती टाकून थांबले होते. शेठजींनी आधी एकाच्या मुस्काटात मारली, मग दुसऱ्याच्या. मग म्हणाले, "हमाल लोक पोतं उचलतात, भांडत नाहीत. तुम्ही बोटं उचलता, आणि भांडता. परत झालं तर दोघं बाहेर."

त्यानंतर टपल्या बंद झाल्या. बोलणंही बंद झालं. बोदवडवाला व्हीआयचं पुस्तक घरी घेऊन जायला लागला. गाडीत वाचायचा. आणि त्या पुस्तकात त्याला एक गोष्ट सापडली.

व्हीआयला एक सोय आहे. एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवलं की कोणती कळ दाबल्यावर काय व्हावं हे आपल्याला ठरवता येतं. बोदवडवाल्यानं ती फाइल लिहिली आणि व्हीआयच्या अंगात आपला वर्डस्टार घातला. कंट्रोल-ई दाबलं की वर, कंट्रोल-डी दाबलं की उजवीकडे. टर्मिनल गोठण्याची रीतही त्यानं एका हुकमानं बंद केली. आणि वर्डस्टारमध्ये कंट्रोल-वाय म्हणजे ती ओळ पुसून टाकणं, तेही घातलं. पंधरा दिवसांत त्याचा डावा हात पूर्वीसारखा पळायला लागला. उजव्या हातात चहाचा कप परत आला.

त्याचा आनंद मी पाहिला आहे. आपण नोकरीत राहणार हे त्याला कळलं होतं.

पण मशीन बसवणाऱ्यांनी प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी एकच खातं उघडून दिलं होतं. दोघंही त्याच नावानं आत शिरायचे. बोदवडवाल्याला वाटलं, ती फाइल फक्त आपल्या टर्मिनलला लागू आहे. ती खात्याला लागू होती. जो कोणी त्या नावानं व्हीआय उघडेल त्याला. त्यानं धुळेवाल्याला माझ्यासमोर सांगितलंही होतं, "माझ्या टर्मिनलच्या कळा मी बदलल्यात, तिथं बसू नको." धुळेवाला म्हणाला, "तुझ्या बालवाडीत मी कशाला बसू?" तो बसलाही नाही. स्वतःच्या टर्मिनलवर बसला. अक्षरं टाइप करताना त्याला काही दिवस फरक जाणवला नाही, कारण तो कंट्रोलच्या कळा फारच कमी वापरायचा.

त्या वेळी तो उताऱ्याचा प्रोग्राम लिहीत होता. तुरीची गाडी आली की वजन, त्यातली घट, आणि भरडल्यावर शंभर किलोला किती डाळ उतरली, हे सगळं त्यात होतं. हजारावर ओळी झाल्या होत्या. आकड्यांच्या माणसाला आवडावा असा प्रोग्राम होता, आणि तो मला दाखवत होता.

"हे बघा नाना, आता वर जाऊ," तो म्हणाला. व्हीआयमध्ये कंट्रोल-वाय दाबलं की मजकूर सरकतो, वरच्या ओळी दिसायला लागतात. त्यानं ती कळ दाबून धरली आणि तोंड माझ्याकडे वळवलं. कारण त्याला मला हे सांगायचं होतं की यात घटीचा हिशेब दोन ठिकाणी कसा जुळतो, आणि बोदवडवाल्याच्या जुन्या प्रोग्राममध्ये तो कसा जुळत नव्हता. चांगलं दोन मिनिटं सांगत होता. बोट कळेवर. स्क्रीनवर ओळी सरकत होत्या, मीही पाहत होतो, मला त्या सरकतायत एवढंच दिसलं. मग त्यानं सवयीनं, न बघता, साठवून बाहेर पडण्याचा हुकूम दिला.

परत उघडलं तेव्हा चारशेच्या आसपास ओळी उरल्या होत्या.

व्हीआय जुनी प्रत ठेवत नाही. वर्डस्टार ठेवतो. ते वाक्य बोदवडवाल्यानं उच्चारलं. त्याला बाकी काही माहीत नव्हतं, फक्त काहीतरी पुसलं गेलं एवढं ऐकून तो पलीकडून म्हणाला, "वर्डस्टार असता तर जुनी प्रत राहिली असती." टेपवरची प्रत आठवड्यापूर्वीची होती आणि त्या आठवड्यातच निम्मा प्रोग्राम झाला होता.

धुळेवाल्यानं ती छोटी फाइल शोधून काढली. पंधरा-वीस ओळी. तो त्या वाचत राहिला. मग उठला. बोदवडवाला मशीनच्या खोलीच्या दाराशी उभा होता, टेप आणायला आत गेलेला, बाहेर येता येता थांबलेला. डावा हात चौकटीवर टेकलेला.

"तुनी मना बठ्ठा प्रोग्राम खाई टाका," धुळेवाला म्हणाला.

"मी तुला सांगितलं होतं."

"कंट्रोल-वाय तू लिहिलंस?"

"माझ्या टर्मिनलसाठी."

धुळेवाल्यानं दार धरलं आणि अंगाचा सगळा भार टाकून लावलं. मी तीन पावलांवर होतो. दार नेहमीसारखं वाजलं नाही. मऊ आवाज आला. मग त्यानं दार उघडलं आणि पुन्हा लावलं. दुसऱ्या वेळी बोदवडवाला ओरडला. पहिल्या वेळी त्याला कळलंच नव्हतं.

"आते सरकाव कर्सर," धुळेवाला म्हणाला.

मी त्याच्या कानशिलात मारली. आयुष्यात मी मोठ्या माणसावर उचललेला तो एकच हात. तो भिंतीला टेकून खाली बसला.

चार बोटांची हाडं मोडली होती. तीन जुळतील, डॉक्टर म्हणाले. करंगळीच्या मधल्या सांध्याचा चुरा झाला होता. "बघू," असं ते म्हणाले. डॉक्टर जेव्हा "बघू" म्हणतात तेव्हा काय असतं हे सर्वांना माहीत असतं. आणि वर्डस्टारमध्ये कंट्रोलची कळ धरणारं बोट तेच.

दुसऱ्या दिवशी बोदवडहून त्याचे चुलते आले. त्यांना सगळे आबा म्हणत. सोबत दोन पुतणे, रुंद खांद्यांचे, न बोलणारे. शेठजींना पोलीस नको होते. आबांनाही नको होते, कारण त्यांच्या पोरानं आधी भुवई फोडली होती हे त्यांना समजलं होतं. शेठजींच्या गादीवर बसून ठरलं. औषधपाणी धुळेवाल्यानं करायचं. आणि हात बरा होईपर्यंत बोदवडवाला बोलेल ते धुळेवाल्यानं टाइप करायचं. त्याचा हात म्हणून बसायचं.

"आणि बोट?" आबा म्हणाले.

"होईल बरं," शेठजी म्हणाले.

"झालं तं विषय संपला. नाही झालं तं मंग आमी पाहू." आबांनी धुळेवाल्याकडे पाहिलंही नाही. त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"माझ्या भुवईचं काय?" धुळेवाला म्हणाला.

"भुवई भरली तुही. बोट भरू दे."

त्यानंतर जे महिने गेले तसे मी कुठल्या कचेरीत पाहिलेले नाहीत. एक टर्मिनल, दोन खुर्च्या. बोदवडवाल्याचा हात प्लॅस्टरमध्ये, टेबलावर ठेवलेला. तो सांगायचा, हा टाइप करायचा. धुळेवाल्याचा पुसलेला आणि बोदवडवाल्याचे राहिलेले प्रोग्राम असेच लिहिले गेले. पण बोदवडवाला वर्डस्टारच्या भाषेत सांगायचा.

"कंट्रोल-वाय."

धुळेवाला त्याचं व्हीआय करून ओळ पुसायचा.

"कंट्रोल-वाय म्हटलं मी. तू दुसरं काहीतरी दाबलंस."

"ओळ गेली ना?"

"मी काय सांगितलं?"

मग धुळेवाला ती छोटी फाइल परत सुरू करायचा, आणि खरोखर कंट्रोल-वाय दाबायचा. घामानं त्याची मान ओली व्हायची. एकदा त्यानं चूक केली आणि बोदवडवाल्यानं उजव्या हातानं त्याच्या डोक्यात टपली मारली. जुनी, जड. कारकून हसले नाहीत. धुळेवाल्यानं ती घेतली.

बाजाराच्या दिवशी आबा यायचे. पुतणे बरोबर. आवारात कडुनिंबाखाली उभे राहायचे आणि बोदवडवाल्याला बाहेर बोलवायचे. हॉलच्या खिडकीतून सगळं दिसायचं.

"काय रे भो, वाकते का?"

"प्लॅस्टर आहे आबा."

पुढे प्लॅस्टर निघालं. तीन बोटं वाकायला लागली. करंगळी काठीसारखी सरळ, जांभळी, बाकीच्यांपासून वेगळी. धुळेवाला ती रोज पाहायचा. त्यानं धुळ्याहून कसलंसं तेल आणलं. बोदवडवाला ते लावून घ्यायचा, आणि धुळेवाला चोळायचा. जोरात चोळायचा, वाकवायला बघायचा, आणि बोदवडवाल्याच्या कपाळावरची शीर उठायची. मला वाटतं, ती करंगळी वाकावी असं त्या वेळी त्या हॉलमध्ये धुळेवाल्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं, खुद्द तिच्या मालकालाही नाही.

डॉक्टरांनी शेवटचा फोटो काढून सांगितलं, वाकणार नाही.

त्या आठवड्यात आबा आले. बोदवडवाला बाहेर गेला. मी त्याच्या मागे गेलो, कारण माझ्या विभागातल्या माणसाचा हात माझ्यासमोर तोडला जाऊ नये एवढी माझी इच्छा होती. मी आबांना म्हणालो, "आबा, डॉक्टरांना विचारू, मुंबईला दाखवू."

"तुमी थांबा नाना. मी त्याले इचारतो. वाकते का रे?"

"नाही आबा. नाही वाकणार."

पुतण्यांनी बाह्या सारल्या. धुळेवाला खिडकीत उभा होता. तो आत पळाला नाही. हळूहळू पायऱ्या उतरून बाहेर आला आणि कडुनिंबाच्या सावलीच्या कडेला थांबला. हमालांनी काम थांबवलं.

बोदवडवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आबा, आज नको."

"काहून?"

"माझं काम राहिलंय. त्याच्या हातूनच व्हायचंय. त्याचा हात मोडला तर माझी नोकरी जाईल."

आबांनी विचार केला. ते व्यवहारी माणूस होते. "मंग कधी?"

"काम झालं की सांगतो."

ज्याला प्रोग्राम लिहायचं काम माहीत आहे, त्याला कळेल की हे उत्तर काय होतं. प्रोग्रामचं काम संपत नाही. सरकार कर बदलतं, शेठजी रिपोर्ट बदलतात, एक दुरुस्त केलं की दुसरं बिघडतं. आबा दर बाजाराला विचारायचे, "झालं काम?" आणि बोदवडवाला म्हणायचा, "थोडं राहिलंय." पुतणे खांदे पाडून परत जायचे.

याला माफी म्हणता येणार नाही. बोदवडवाल्यानं त्या उत्तराचा चाबूक केला. उजव्या हातानं आणि डाव्या तीन बोटांनी तो स्वतः टाइप करायला लागला तरी धुळेवाल्यानं शेजारी बसायचं. व्हीआय चांगला की वर्डस्टार चांगला, असा वाद आता होत नव्हता. धुळेवाल्यानं तोंड उघडलं की हा म्हणायचा, "काम झालं असं सांगू का आबांना?" आणि तो पुढची ओळ टाइप करायचा. मशीनवर सगळ्यांनी बोदवडवाल्याच्या कळा वापरायच्या असं त्यानं ठरवलं. धुळेवाला त्या शिकला. चांगल्या शिकला. मी बोदवडवाल्याला एकदा म्हणालो, "आता पुरे." तो म्हणाला, "तुम्ही करंगळी न वापरता एक दिवस काढा नाना, मग सांगा."

दोन हंगाम असे गेले. मग धुळेवाल्याला पुण्यात नोकरी लागली. दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, त्यानं बोदवडवाल्याला सांगितलं. मी डबा खात होतो.

"जा की," बोदवडवाला म्हणाला. "जायच्या आधी आबांना सांगतो, काम झालं."

"धुळ्याला घरी येतील ते?"

"येतील. पत्ता आहे त्यांच्याकडे."

धुळेवाल्याच्या घरी आई आणि लग्नाची बहीण होती. तो मशीनच्या खोलीकडे गेला, दार उघडलं, स्प्रिंगच्या विरुद्ध पाठीनं धरून ठेवलं, आणि डाव्या हाताची बाकीची बोटं मुठीत घेऊन एकटी करंगळी चौकटीवर ठेवली.

"ये. तूच लाव. आबा नको."

मी डबा ठेवून उठलो. बोदवडवाला माझ्या आधी पोहोचला. "नाना, मध्ये पडू नका," असं म्हणाला, आवाज न चढवता, आणि मी थांबलो. बोदवडवाल्यानं उजव्या हातानं दार धरलं आणि धुळेवाला बाजूला झाला, करंगळी चौकटीवर तशीच ठेवून. मला वाटलं सोडून देईल, स्प्रिंगवर. त्यानं सोडलं नाही. खेचून लावलं, एकदाच.

धुळेवाला ओरडला नाही. गुडघ्यांवर बसला आणि ओकला. बोदवडवाला त्याच्याशेजारी बसला आणि त्याची मान धरून राहिला, ओकणाऱ्या माणसाची धरतात तशी. मग त्यानंच त्याला स्कूटरवर बसवून त्याच डॉक्टरांकडे नेलं.

पुण्याची नोकरी एक महिना उशिरा सुरू झाली. जाण्याच्या आदल्या दिवशी धुळेवाला पट्टी काढून आला. त्यानं करंगळी आमच्यासमोर धरली आणि वाकवली. पूर्ण वाकली. त्याच बोटाचं हाड मोडलं होतं, पण सांधा वाचला होता. बोदवडवाल्यानं ती हातात घेऊन स्वतः वाकवून पाहिली, दोन-तीनदा. मग आपली सरळ करंगळी तिच्याशेजारी ठेवली.

आबा त्या दिवशी आवारात होतेच. त्यांना सगळं समजलं होतं. ते पायऱ्या चढून पहिल्यांदाच हॉलमध्ये आले.

"त्याची वाकते?"

"वाकते आबा."

"आन तुही नाही."

"नाही."

पुतणे दारात उभे होते. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बोदवडवाल्याकडे. "मंग?"

बोदवडवाल्यानं धुळेवाल्याचा हात सोडला. "मग काही नाही आबा. त्याची गाडी आहे सकाळची. बसा तुम्ही, चहा सांगतो."

आबा बसले नाहीत. पण चहा येईपर्यंत उभे राहिले, आणि धुळेवाल्यानं कप पुढे केला तेव्हा त्यांनी तो घेतला.